थकबाकीदाराच्या आजाराला रकाना नाही

मार्च संपत आला की भंडारा जिल्ह्यातल्या सेवा सहकारी सोसायट्यांमध्ये ‘नवं-जुनं’ करायची घाई उडते. धानाचे चुकारे अनेकांच्या हातात आलेले नसतात, बोनसची नुसती घोषणा झालेली असते, आणि ३१ मार्चच्या आत पीककर्ज भरलं तरच व्याजसवलत पदरात पडणार असते. मग शेतकरी कुणाकडून तरी आठ-पंधरा दिवसांसाठी पैसे उचलतो, जुनं कर्ज भरतो, नवं मंजूर करून घेतो आणि उचललेले पैसे व्याजासकट परत करतो. कागदावर कर्ज फिटलेलं असतं, घरात ते तसंच असतं. या फिरवाफिरवीला पैशाइतकंच डोकंही लागतं. गटसचिवाला गाठायचं, सातबारा काढायचा, उसने देणाऱ्याला तारीख द्यायची आणि ती पाळायची. ज्याला तीन महिने धड झोप नाही, जो सकाळी खाटेवरून उठायलाच तयार नाही, तो नेमका इथे गळतो. एप्रिल उजाडतो तेव्हा तो थकबाकीदार झालेला असतो. का थकला, हे मात्र कुठल्याच कागदावर येत नाही.

अशा माणसाने, किंवा त्याच्या वतीने बायकोने, देणेकऱ्याकडे जाऊन म्हणावं का, की हा मनाने आजारी आहे, कर्ज माफ करा? म्हणता येतं. हक्काने मात्र मागता येत नाही. आपल्याकडे कर्जमाफी हा शब्द घरोघरी माहीत आहे, पण ती माफी सरकार करतं, एकदम करतं आणि पिकाच्या नावाने करतं. एका माणसाच्या आजाराकडे बघून दिलेली माफी कुठल्याही योजनेत बसत नाही.

योजनांवरून नजर फिरवली की हे दिसतं. २००६ च्या जुलैत पंतप्रधानांचं पॅकेज आलं ते अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी. कापसाचा पट्टा तो. धानाचा भंडारा त्यात नव्हता. २००८ ची केंद्राची कर्जमाफी देशभर होती. पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याचं थकीत पीककर्ज पूर्ण माफ, त्यावरच्याला पाऊण रक्कम भरली तर पाव माफ. भंडाऱ्यातल्या धानाच्या बांध्या बहुतेक छोट्या, त्यामुळे ही पाच एकरांची अट इथे पश्चिम विदर्भाइतकी आडवी आली नाही. २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना दीड लाखापर्यंत गेली, २०१९ च्या डिसेंबरात जाहीर झालेली महात्मा जोतिराव फुले योजना दोन लाखांपर्यंत. २०२५ च्या ऑक्टोबरात बच्चू कडूंच्या नागपूरच्या आंदोलनानंतर पुन्हा समिती नेमली गेली आणि ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेऊ, असा शब्द सरकारने दिला. या सगळ्यांत पात्रता ठरते ती कर्ज कोणत्या तारखेचं, किती रकमेचं आणि कुठल्या बँकेचं यावरून. कर्जदार कोणत्या अवस्थेत आहे, हा प्रश्न एकाही अर्जात नाही.

पीक बुडालं तर मात्र सगळी यंत्रणा हलते. तलाठी पंचनाम्याला येतो, पैसेवारी निघते. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे ३३ टक्क्यांहून अधिक नुकसान असेल तर पीककर्जाचं पुनर्गठन करून वर्षभर हप्ता थांबवता येत आला आहे आणि परतफेडीची मुदत वाढवता आली आहे. संकट आलं तर आधी वसुली थांबवावी आणि मग हिशेब मांडावा, हे तत्त्व आपल्या बँकांना नवं नाही. फक्त संकट आभाळातून यावं लागतं. तुडतुड्याने धान खाल्लं तर ते नुकसान मोजता येतं. नैराश्याने कर्त्या माणसाचं वर्ष खाल्लं तर ते घरचं दुखणं ठरतं.

आणखी एक कडू गोष्ट इथेच सांगायला हवी. शेतकऱ्याने आत्महत्या केली तर कुटुंबाला एक लाख रुपये सानुग्रह मदत देण्याची पद्धत राज्यात २००६ पासून आहे. ३० हजार हाती आणि ७० हजार ठेवीत. पात्र ठरायला नापिकी, बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं न फिटलेलं कर्ज आणि वसुलीचा तगादा दाखवावा लागतो. चौकशीत ‘आजारपण’ किंवा ‘व्यसन’ हे कारण लिहिलं गेलं तर प्रकरण अपात्रतेकडे झुकतं. म्हणजे मानसिक आजाराची चिठ्ठी घरात असणं हे कुटुंबाच्या सोयीचं नसतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या एकूण आत्महत्यांपैकी १८.४ टक्क्यांचं कारण आजारपण आणि ४.१ टक्क्यांचं दिवाळखोरी वा कर्जबाजारीपणा असं वेगवेगळं मोजलं आहे. तक्त्यात ही कारणं शेजारी शेजारी असली तरी वेगळी आहेत. घरात तसं नसतं. कर्जाने झोप जाते, झोप गेल्याने काम जातं, काम गेल्याने हप्ता थकतो, आणि शेवटी सुरुवात कुठून झाली हे घरच्यांनाही सांगता येत नाही.

उपचारांची स्थिती या प्रश्नाच्या मुळाशी आहे, कारण डॉक्टरचा कागद नसेल तर देणेकऱ्यापुढे ठेवायचं काय? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार वेगवेगळ्या मानसिक विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपर्यंत पोचतच नाहीत. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार, ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर. भंडाऱ्याच्या माणसाला नागपूर जवळचं, पण लाखांदूर किंवा साकोलीच्या आतल्या गावातून तिथे जाणं म्हणजे दिवसाची मजुरी बुडवून सोबत एक माणूस नेणं. त्याआधी ‘टेन्शन आलंय’, ‘मनावर घेतलंय’, ‘बाहेरचं लागलंय’ असे टप्पे पार पडलेले असतात. राज्य सरकारने २०१५ मध्ये शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला तो चौदा जिल्ह्यांत, पश्चिम विदर्भाचे सहा आणि मराठवाड्याचे आठ. भंडारा याही यादीबाहेर. धानपट्ट्यात आत्महत्या कमी म्हणून दुःखही कमी, असा हिशेब यादी करणाऱ्यांनी केला असावा. तो मला पटत नाही.

काम होऊ शकतं याचा पुरावा शेजारी आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त मांडले. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन बोलायचं, गरज पडली तर समुपदेशक आणि त्यापुढे मनोविकारतज्ज्ञ, अशी साधी रचना. दीड वर्षात नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. आज कुठल्याही गावातून १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत आणि मराठीत बोलता येतं. हप्त्याच्या चिंतेने जीव नकोसा झालेल्या माणसाला किंवा त्याच्या घरच्यांना हा आकडा अर्ज-विनंतीच्या आधी द्यायला हवा.

आता देणेकऱ्यांकडे वळू. सगळे देणेकरी सारखे नसतात, आणि माफी मागायची भाषाही सगळ्यांपुढे एक चालत नाही.

बिनपरवाना सावकारापुढे माफी मागण्याचं कारणच नाही. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याने विनापरवाना सावकारी हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. सावकारीच्या व्यवहारात गेलेली जमीन पंधरा वर्षांच्या आतली असेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून परत मागता येते. कायदा चांगला आहे. तो वापरणारा माणूस मात्र त्याच गावात राहतो आणि पुढच्या रोवणीला पैसे त्याच दारातून आणतो, म्हणून तक्रारी थोड्या होतात.

मायक्रोफायनान्सचं प्रकरण वेगळं आहे आणि मला सगळ्यात अवघड तेच वाटतं. कर्ज बाईच्या नावावर, जामीन म्हणजे गटातल्या बाकीच्या बायका. ठरलेल्या दिवशी एखाद्या घराच्या पडवीत सगळ्या जमतात, फायनान्सवाला पोरगा टॅब काढून बसतो, एकेकीचं नाव घेत पैसे मोजतो. एक आली नाही तर मीटिंग सुटत नाही. रोवणीचा हंगाम असला तर बायकांची मजुरी बुडत असते. मग दोघी-तिघी उठून तिच्या दारात जातात. ती आत अंधाराकडे तोंड करून झोपलेली असते आणि सासू सांगते, बरं नाही तिला. काय झालं, ताप आहे का? ताप नाही. ताप नाही म्हटल्यावर त्या बायकांचा आवाज चढतो. त्यांचंही चुकत नाही. तिचा हप्ता त्यांच्या अंगावर पडणार असतो. पण आजारी बाईला सगळ्यात जास्त गरज ज्यांची, त्या शेजारणीच तिच्या वसुलीवाल्या होऊन बसतात. बँकेचं कर्ज थकलं तर बँक दूर असते. इथे देणं आणि शेजार एकाच ओट्यावर बसलेलं असतं. नोटाबंदीनंतर विदर्भात बायकांनी या कंपन्यांविरुद्ध मोर्चे काढले तेव्हा हीच घुसमट बाहेर पडली होती.

गंमत म्हणजे आजारी कर्जदाराचा विचार लेखी कुठे झाला असेल तर तो याच क्षेत्रात. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या मायक्रोफायनान्स निर्देशांत म्हटलं आहे की परतफेडीत अडचण आलेला कर्जदार ओळखायची, त्याच्याशी बोलायची आणि त्याला कोणते मार्ग आहेत ते सांगायची व्यवस्था प्रत्येक संस्थेने उभी करावी. कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीसाठी फोन नाही. कर्जदार ठरलेल्या जागी लागोपाठ दोनदा आला नाही तरच घरी जायचं. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास, थकबाकीदारांची नावं जाहीर करणं, सगळ्याला मनाई. यात माफीचा शब्द नाही, पण ‘अडचण आलेला कर्जदार’ हा शब्द आहे, आणि अर्ज नेमका त्यावर टांगता येतो. कंपनीने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. गटाच्या मीटिंगमध्ये हा निर्देश कुणी वाचून दाखवतं का, हा प्रश्न विचारायची सोय नाही.

बँका आणि सोसायट्यांचं तिसरं. सोसायटीला सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला मिळतो आणि पुढे जप्तीची वाट मोकळी होते. राष्ट्रीयीकृत बँकेला ‘सरफेसी’ कायद्याखाली शेतजमिनीला हात लावता येत नाही, पण सातबाऱ्यावरचा बोजा राहतोच. सूट द्यायचा अधिकृत मार्ग म्हणजे एकरकमी तडजोड, ओटीएस. जून २०२३ पासून रिझर्व्ह बँकेने अशा तडजोडींसाठी संचालक मंडळाने मंजूर केलेलं धोरण ठेवणं बंधनकारक केलं आहे. मात्र ओटीएस हा कर्जदाराचा हक्क नाही, बँकेला ती द्यायला न्यायालय भाग पाडू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये बिजनोर नागरी सहकारी बँकेच्या प्रकरणात स्पष्ट केलं. शिवाय नावातच मेख आहे. एकरकमी द्यायला रक्कम लागते. दोन लाखांच्या थकबाकीवर ऐंशी हजार आणा, मिटवून टाकू, हे वाक्य वर्षभर घरात पडून असलेल्या माणसाला सांगून उपयोग काय?

एक भीती मात्र काढून टाकायला हवी, कारण ती माणसं पोखरते. ऐपत नाही म्हणून कर्ज थकलं तर तुरुंग होत नाही. जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात १९८० मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की नुसतं न फेडणं पुरेसं नाही, पैसे असून नाकारण्याची बदनियत लागते. कोरे चेक देऊन ठेवले असतील तर ते वेगळं प्रकरण होतं, म्हणून ते देऊ नयेत.

कायद्याने आजारी मनाचा विचार अजिबात केलेला नाही असंही नाही. १८७२ चा करार कायदा म्हणतो की करार करताना ज्याला त्याचं बरंवाईट समजत नव्हतं, त्याचा करार ग्राह्य नाही. त्याच कायद्यातलं अनुचित प्रभावाचं कलम १६ तर विदर्भासाठीच लिहिल्यासारखं आहे. वय, आजार किंवा मानसिक वा शारीरिक क्लेश यांमुळे ज्याची समज तात्पुरती का होईना कमी झाली आहे, त्याच्याशी केलेला करार या कलमाच्या कक्षेत येतो. आणि कलमाखाली दिलेलं एक उदाहरण गावच्या सावकाराचंच आहे: आधीच त्याच्या देण्यात असलेल्या माणसाने त्याच्याकडून जाचक अटींवर आणखी कर्ज घेतलं, तर दबाव नव्हता हे सावकाराने सिद्ध करायचं. १८९९ च्या दुरुस्तीने आलेलं हे कलम आजही जसंच्या तसं आहे.

तरी हा रस्ता कुणाला सुचवताना मी दहादा विचार करेन. एक तर तो कर्ज घेतानाच्या अवस्थेचा आहे. आपल्याकडचा बहुतेक माणूस कर्ज घेताना शाबूत असतो आणि फेडताना कोसळतो. दुसरं, कोर्टात स्वतःला बेभान ठरवून घेतलेला माणूस पुढे जमिनीचा व्यवहार कसा करणार, नवं पीककर्ज कुणाकडे मागणार? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने ही गाठ सोडवायचा प्रयत्न केला आहे: मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून कुणाला विकल मनाचा मानता येणार नाही, तसं सक्षम न्यायालयाने ठरवावं लागेल. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मानसिक आजारालाही अपंगत्वांत मोजतो आणि अशा व्यक्तीला बँकेच्या कर्जावर इतरांइतकाच हक्क देतो. म्हणून अर्जाची मांडणी ‘मला समजत नव्हतं’ अशी न करता ‘मी आजारी आहे, उपचार चालू आहेत, आत्ता फेडण्याची ताकद नाही’ अशी असावी. पहिल्या वाक्याने माणूस स्वतःची पत गमावतो, दुसऱ्याने फक्त मुदत मागतो.

मुदत हाच माझ्या मते खरा मुद्दा आहे. माफीचा आग्रह धरला की देणेकरी लगेच ‘उद्या सगळेच आजारी पडतील’ म्हणून कवाड लावून घेतो. ही शंका अगदीच खोटी नाही. २००८ नंतर नियमित भरणाऱ्यांनी जी नाराजी दाखवली, त्यातूनच २०१७ मध्ये त्यांना प्रोत्साहन रक्कम द्यावी लागली. पण थांबायला सांगणं वेगळं. इंग्लंड आणि वेल्समध्ये मे २०२१ पासून कर्जदाराला साठ दिवसांची उसंत कायद्याने मिळते; त्या काळात बहुतेक कर्जांवर व्याज, दंड आणि वसुलीची कारवाई थांबते. तीव्र मानसिक आजारावर उपचार चालू असतील तर ही उसंत उपचार संपेपर्यंत आणि त्यावर तीस दिवस चालते. त्याआधीपासून तिथे डॉक्टरने भरून द्यायचा एक नमुना आहे. आता तो एका पानाचा झालाय. तो मिळाला म्हणून कर्ज माफ होत नाही, देणेकऱ्याला विचार मात्र करावा लागतो आणि काही वेळा तो उरलेली रक्कम सोडूनही देतो. आपल्याकडे २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत छोट्या कर्जदारासाठी ‘नवी सुरुवात’ नावाचं प्रकरण आहे. वार्षिक उत्पन्न साठ हजारांच्या आत, मालमत्ता वीस हजारांच्या आत, कर्ज पस्तीस हजारांच्या आत आणि स्वतःचं घर नाही, अशा माणसाला १८० दिवस वसुलीपासून संरक्षण आणि शेवटी कर्जमुक्ती. हे प्रकरण अमलातच आलेलं नाही. त्यामुळे भंडाऱ्याच्या माणसाला आजही १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली अर्ज करावा लागतो. त्यात कर्जाची किमान रक्कम पाचशे रुपये आहे. शंभर वर्षांपूर्वीचे पाचशे.

आणि हे सगळं परकीय वाटत असेल तर आपल्याच प्रांताचा इतिहास आठवावा. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता. मंदीने धानाचे भाव कोसळले असताना १९३३ मध्ये मध्य प्रांताने कर्ज समेट कायदा केला. देशातल्या अशा पहिल्या कायद्यांपैकी तो एक; पंजाब आणि बंगाल मागून आले. देणेकरी आणि कर्जदार यांना समेट मंडळापुढे बसवायचं, फेडण्याची खरी ताकद पाहायची, रक्कम खाली आणायची आणि हप्ते बांधायचे. वाजवी तडजोड नाकारणाऱ्या सावकाराला पुढे दिवाणी न्यायालयात खर्च मिळत नसे, व्याजालाही कात्री लागे. माणूस समोर बसवून त्याच्या ऐपतीवर बोलणं ही पद्धत तिथे होती. ती नंतरच्या सरसकट माफ्यांत हरवली.

आज तिच्या सगळ्यात जवळ जाते ती राष्ट्रीय लोकअदालत. वर्षातून चार वेळा जिल्हा न्यायालयात आणि तालुक्यांत बँकांची दाखलपूर्व प्रकरणं बसतात, फी लागत नाही आणि झालेल्या तडजोडीवर अपील नाही. बँकेचे अधिकारी त्या दिवशी सूट द्यायच्या तयारीने आलेले असतात. बाया, अनुसूचित जाती-जमातींची माणसं आणि मानसिक आजारासह अपंगत्व असलेल्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो. तिथे नेण्याजोगा अर्ज फार मोठा लागत नाही. आजार कधीपासून, उपचार कुठे, काम किती दिवस बंद, घरात कमावतं कोण, सगळी कर्जं मिळून किती, आणि महिन्याला खरोखर किती भरता येईल. सोबत सरकारी दवाखान्याचा केसपेपर. निदानाचा सगळा तपशील बँकेला द्यायची गरज नाही. २०१७ च्या कायद्याने ती माहिती गोपनीय आहे. फोन कुणाला करायचा ते मात्र लिहावं, म्हणजे आजारी माणसाऐवजी भावाला किंवा मुलीला येईल. व्याज थांबवा, दंड काढा, सहा महिने द्या, आणि त्यानंतरही जमलं नाही तर उरलेलं सोडा, या क्रमाने मागितलं तर पहिल्या दोन गोष्टी शाखा पातळीवरही हलू शकतात. ‘तडजोड’ असा शेरा पतनोंदीत राहतो, हे आधी माहीत असावं.

हे सगळं एकेका कुटुंबाच्या अंगावर टाकायचं नसेल तर जागाही आहे. जिल्ह्यात बँकांची सल्लागार समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली भरते. जिल्ह्याची अग्रणी बँक असलेली बँक ऑफ इंडिया पीककर्ज वाटपाचे आकडे तिच्यापुढे ठेवते. जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागाने द्यायचा एक पानी दाखला आणि तो आल्यावर सर्व बँकांनी व मायक्रोफायनान्स कंपन्यांनी नव्वद दिवस वसुली थांबवायची, एवढा एक विषय त्या बैठकीच्या पत्रिकेवर घ्यायला नवा कायदा लागत नाही. खोटे दाखले निघतील, अशी हरकत पहिल्याच बैठकीत येईल. निघतीलही काही. खोटे पंचनामेही निघतात, म्हणून दुष्काळात पंचनामे कुणी बंद केलेले नाहीत.